देवकाची कुऱ्हाड आणि लिंबाचा ओंडका

लाकूड फोडणं हे ताकदीचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकतर आयुष्यात लाकूड फोडलेलं नसतं, नाहीतर तो आमच्या घरचा जावई असतो.

हे मी रागानं म्हणत नाही बरं का. जावई माणूस सोन्यासारखा. परतूरला शाळेत मास्तर आहेत, माझ्या लेकीला कधी वर आवाज करून बोलले नाहीत, माझ्या हातची करपलेली भाकरीसुद्धा खमंग म्हणून खातात. पण लाकडातलं त्यांना काही कळत नाही, आणि जावयाला तुम्हाला कळत नाही असं तोंडावर सांगायची आमच्यात रीत नाही. सगळा घोटाळा तिथंच झाला.

आमचं गाव शहागडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावरनं आत. घराच्या मागं एक जुनाट लिंब होता. दोन माणसांनी कवेत घेतला तरी हाताला हात लागायचा नाही एवढा बुंधा. परवाच्या साली जेठात वावटळ सुटली आणि तो आडवा झाला. पडतानाही इतका समजूतदार पडला की घर सोडलं, गोठा सोडला, म्हैस सोडली, आणि बराबर आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर पडला. ही मोटारसायकल मी पाच वर्षं विका विका म्हणत होते. लिंबानं एका झटक्यात ऐकलं.

मग मशीनवाला बोलावला. त्यानं करकर करकर करून दिवसभरात बुंध्याचे अकरा ओंडके पाडले, फांद्या वेगळ्या केल्या आणि "फोडायचं तुमचं तुम्ही बघा" म्हणून निघून गेला. हे म्हणाले, "त्यात काय हाय? रोज एक फोडला तर अकरा दिवसात खल्लास." मी म्हटलं, बरं. अकरा दिवस म्हणता म्हणता जेठाचा माघ उजाडला.

आता मला लाकडातलं कळतं, हे मी मोठेपणानं नाही सांगत, खरंच कळतं. माझ्या वडलांनी शिकवलं. ओंडका उभा करायचा आणि आधी नुसता बघायचा. वाळताना त्याच्या माथ्यावर आपोआप बारीक चिरा पडतात. त्या चिरा म्हणजे लाकूड आपल्याला सांगत असतं, की बाई, मी इथनं फुटणार आहे. तिथंच घाव घालायचा. तोही मधोमध नाही, कडेनं. आपण गरम भाकरी कशी कडेकडेनं तोडत आत जातो, तसं. आणि जिथं फांदी फुटलेली असते तिथं गाठ असते. गाठीच्या ओंडक्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर बसायचं, पाय धुवायचे, शेंगा फोडायच्या. तो फुटायला जन्मलेलाच नसतो.

आमच्या अकरापैकी दहा ओंडके ह्यांनी फोडले. म्हणजे घाव ह्यांचे आणि तोंड माझं. "हितं मारा. तिथं न्हाई, हितं. अहो, कडंनं!" हे एकदा कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाले, "तूच का फोडंना मंग?" मी म्हटलं, "मी फोडलं तर तुम्ही काय करताल दिवसभर?" अकरावा ओंडका दुबेळक्याचा होता, म्हणजे जिथं बुंध्याला दोन मोठ्या फांद्या फुटल्या तिथला. आत नुसत्या गाठीच गाठी. तो मी बसायला म्हणून बाजूला ठेवला.

माघात आमच्या थोरल्या नातीचं लग्न निघालं. स्वयंपाक आचाऱ्याच्या गॅसवर, ते ठीक. पण पाव्हण्यांच्या आंघोळीचं पाणी? माघातली थंडी, घरात पन्नास-साठ माणूस, आणि आमच्याकडं पाणी तापवायचे दोन तांब्याचे बंब. बंबाला बारीक फोडलेलं लाकूड लागतं, ढलप्या लागतात. मोठं लाकूड त्याच्या तोंडात जातच नाही. म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी मी म्हटलं, फोडलेलं अजून बारीक करून घ्या. तर ह्यांनी पहिल्याच घावाला रोजच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

घरात दुसरी कुऱ्हाड होती. पण ती रोजची नव्हती. ती देवकाची होती.

आमच्यात लग्नाआधी देवक आणतात, ते कसं, सांगते. हळदीच्या सकाळी घरचा जावई खांद्यावर कुऱ्हाड घेऊन पुढं चालतो. कुऱ्हाडीला सूत गुंडाळायचं, पुरणाची पोळी बांधायची. मागं नवरीचे आईबाप ताट घेऊन, पुढं वाजंत्री. मारुतीच्या पाराजवळ जायचं, जावयानं त्या कुऱ्हाडीनं झाडाची डहाळी तोडायची आणि ती घरी आणून देवापुढं बसवायची. कुऱ्हाड नसली तर देवक नाही, आणि देवक बसल्याशिवाय हळद लागत नाही. आमच्या घरात ह्या कामाला एकच कुऱ्हाड. सासूबाईंपासून चालत आलेली, वर्षभर कोठीत फडक्यात बांधून ठेवायची. ह्या घरातली सगळी देवकं तिनंच आणली. तिनं कुणी जळण फोडायचं नाही, असा नेम.

आणि तो नेम मोडला कुणी? मीच. पाणी तापायचं कसं, ह्या काळजीत मी कोठीतनं कुऱ्हाड काढली आणि ह्यांना म्हटलं, "आक्का यायच्या आत दहा घाव घाला, पुसून ठिवते परत."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, भोकरदनला दिलेली. घरातल्या रीतीभातींचा सगळा कारभार त्यांच्याकडं. एका लग्नात नवरदेवानं डावा पाय आधी आत टाकला, तर त्याला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढून परत आत यायला लावलं होतं. परत डावाच टाकला, परत बाहेर. चौथ्यांदा बिचारा उडी मारून दोन्ही पायांनी आत आला. अशा आक्का संध्याकाळी यायच्या होत्या.

हे कुऱ्हाड हातात घेणार, एवढ्यात जावई पुढं झाले. "मामा, तुम्ही बसा. मी बघतो."

"तुम्ही कशाला, जावईबापू," मी म्हटलं.

"मामी, मी बघितलंय मोबाईलवर. एक गोरा माणूस आहे, एका घावात ओंडक्याचे दोन तुकडे करतो. सगळं टेक्निक आहे." आणि मला दाखवलंही. त्या माणसानं कुऱ्हाड उचलली, टाकली, ओंडका कलिंगडासारखा दुभंगला. मी म्हटलं, ह्याचं लाकूडच कलिंगडाचं दिसतंय. पण मनात. जावयाला मोठ्यानं कसं म्हणणार?

ढलप्या राहिल्या बाजूला. जावयांनी अंगणभर नजर फिरवली आणि नेमका तोच निवडला, दुबेळक्याचा. मी म्हटलं, "तो असू द्या, बसायला हाय." ते म्हणाले, "मामी, फोडायचा तर मोठाच फोडू." बाह्या सरसावल्या, पाय फाकवले, श्वास घेतला. माझी लेक दारातनं फोटो काढायला लागली. मी डोळे मिटले.

ठप्प.

डोळे उघडले तर ओंडका होता तसा, आणि कुऱ्हाडीचं पातं अर्ध्याच्या वर आत. जावई दांडा धरून वर-खाली, वर-खाली करत होते. बोअरच्या हापशाला पाणी येईना म्हणजे माणूस करतो तसं.

"निघतंय, निघतंय," जावई म्हणाले.

"बिलकुल निघंना झालंय," हे म्हणाले.

मग ह्यांच्यातला इंजिनेर जागा झाला. शेजारनं दुसरी कुऱ्हाड आणली. म्हणाले, बाजूला घाव घातला की चीर पडंल आणि पहिली ढिली होईल. घातला. दुसरीही बसली. मग लोखंडी पाचर आणली आणि घणानं ठोकली. ती इतकी आत गेली की नुसतं टकलू दिसायला लागलं. मग पहार घातली, ओंडका उकलायला. पहार उभीच राहिली, हलंना. मग तिसरी कुऱ्हाड कुणाकडनं तरी आली. मी "आता नका, आता बास" म्हणेपर्यंत तीही गेली. तासाभरात अंगणात ओंडका नव्हता, साळिंदर बसलेलं होतं. आणि गल्लीत एकाही घरात कुऱ्हाड शिल्लक राहिली नव्हती.

सकाळी देवक, आणि देवकाची कुऱ्हाड साळिंदराच्या पाठीत. दांडा कापून काढावा तर मोडकी कुऱ्हाड देवकाला चालत नाही. ओंडकाच जाळावा तर आगीनं पात्याचं पाणी उतरतं, धार टिकत नाही. आणि हे सगळं मी नेम मोडला म्हणून.

"अहो, आक्काला काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला?" हे म्हणाले. "झाकून टाकू."

आणि खरंच त्यांनी मांडववाल्याची लाल चादर आणली आणि ओंडक्यावर टाकली. कुऱ्हाडींचे तीन दांडे नि पहार वर आलेली, त्यामुळं ते चार शेंड्यांचं तंबूसारखं काहीतरी दिसायला लागलं. तेवढ्यात जीप वाजली आणि आक्का उतरल्या. पाय धुतले, पाणी पिलं, आणि पहिली नजर तिथंच.

"वैनी, हे काय गं?"

हे एका दमात म्हणाले, "रुखवत हाय. झाकून ठिवलंय. उद्या उघडायचं."

"अंगणात? रुखवत?"

"मोठं हाय ना. आत मावंना."

आक्कानं चादरीभोवती एक चक्कर मारली. "काय, फ्रिज हाय का?"

"फ्रिजपेक्षा भारी," जावई म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मंग ह्याला शिंगं कशाला?" आक्कानं विचारलं. माझी लेक म्हणाली, "आत्या, डिझाइन हाय ते," आणि त्यांना चहाला आत घेऊन गेली.

आक्का आत गेल्या तशी मी ह्यांना पिटाळलं, लाकडाच्या वखारीवाल्या चाचांना आणायला. चाचांनी जन्मभर लाकूडच चिरलेलं. ते आले, चादर उचलून बघितलं आणि चष्मा काढून पुसला. परत बघितलं.

"भाभी, इसको कौन मारा?"

मी जावयांकडं बघितलं नाही. ह्यांनीही बघितलं नाही. त्यामुळं चाचांना बराबर कळलं.

"मास्टर, ये लकडी नहीं है," चाचा म्हणाले. "ये भाई-भाई का जमीन का झगडा है. पीढियां जाती, सुटता न्हाई."

तरी चाचांनी हात लावला; आत लेक आक्कांना मांडवाची ठोकाठोक चाललीय म्हणून सांगत राहिली. दीड तास बसून, बारीक-बारीक पाचरी ठोकून, त्यांनी पाठीवरची दोन्ही कुऱ्हाडी, पहार आणि लोखंडी पाचर, सगळं सोडवलं. ज्याचं त्याला परत गेलं. राहिली एकच. देवकाची. तिचं पातं दोन गाठींच्या मधात बसलेलं. दोन गाठींनी दोन्हीकडनं दाबून धरलेलं. चाचा म्हणाले, मशीन लावली तर मशीनची साखळी पात्यावर येणार, पातं जाणार. सावकाश छिन्नीनं कोरावं लागेल, दोन दिवस. "कल तक नक्को बोलो, भाभी. कल तक अल्लामियां बी नहीं निकालते." चाचा गेले तशी आम्ही चादर परत टाकली.

सकाळी मी कुणाच्याही आधी उठले, रात्री शेजारच्या कुऱ्हाडीनं फोडून घेतलेल्या ढलप्यांवर बंब पेटवले. पाव्हणे आंघोळी करायला लागले. वाजंत्रीवाले आले, दारात हलगी कडाडली. पोरगा नि सून, म्हणजे नवरीचे आईबाप, ताट घेऊन तयार. जावयांच्या डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि तोंडावर परीक्षेला पुस्तक विसरून आलेल्या पोराची कळा.

आक्का बाहेर आल्या. हातात सूत आणि पुरणपोळी. "आण गं वैनी कुऱ्हाड."

मी जागची हलले नाही. हे आभाळाकडं बघायला लागले, जणू कुऱ्हाड वरनं पडणार आहे.

"आण की!"

मग मी चालत गेले आणि चादर ओढली.

हलगी थांबली. सगळं अंगण बघत राहिलं. मधोमध लिंबाचा ओंडका, आणि त्याच्या डोक्यात सासूबाईंची कुऱ्हाड.

"आक्का, चूक माझी हाय," मी म्हटलं. "जळण फोडायला मीच काढून दिली. जावयांचा काही दोष न्हाई."

"घाव माझाच होता," जावई म्हणाले. एवढं तरी बोलले. मला बरं वाटलं.

आक्का ओंडक्याजवळ गेल्या. दांडा धरून एकदा हलवून बघितला. मग कमरेवर हात ठेवून भावाकडं वळल्या. "हे रुखवत का रं तुझं?"

"आक्का, म्हणजे ते..."

"फ्रिजपेक्षा भारी! शिंगं हायत म्हणं डिझाइनची! अरं, मला काय खुळी समजून राह्यलास का तू? रात्री चादर वाऱ्यानं उडाली तवाच बघितलं मी. म्हणलं, बघू, ही माणसं सकाळी कुठवर नाटक करत्यात."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती तरी कशी दुभंगणार? ओंडका दुभंगला नाही, धरणी कुठली दुभंगते.

आक्कानं हातातलं सूत उलगडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वैनी, देवकाला काय लागतंय?"

"कुऱ्हाड."

"मंग हाय की कुऱ्हाड. मोडली न्हाई, बदलली न्हाई, आपलीच हाय. तिला खाली काय चिकटलंय, ते कोण विचारतंय? घाला गाड्यावर."

मांडववाल्याचा खुर्च्या ओढायचा हातगाडा होता. सहा जणांनी मिळून ओंडका त्यावर चढवला. आक्कानं दांड्याला सूत गुंडाळलं, पोळी बांधली, ओंडक्याला हळदीकुंकू लावलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, कुऱ्हाड खांद्यावर घ्या."

"खांद्यावर? आत्याबाई, अहो, सव्वा क्विंटल..."

"ओंडका गाड्यावरच राहू द्या. तुमचा खांदा न्या तिच्याखाली. रीत म्हणजे रीत."

तर बघा, वरात कशी निघाली. पुढं हलगी. मग हातगाडा, त्याला ढकलायला चार माणसं. गाड्याच्या बगलंला आमचे जावई, फेटा बांधलेले, कमरेत वाकलेले, दांड्याखाली खांदा लावून खेकड्यासारखे तिरके चालत. गाडा खड्ड्यात गेला की दांडा खांद्यावर आपटायचा आणि जावई "आई गं" म्हणायचे. हलगीवाल्याला वाटलं हे ठेका मागतायत, तो अजून जोरात वाजवायचा. त्यांच्या मागं ताट घेतलेले नवरीचे आईबाप, दोघंही हसू दाबून इतके लाल की सुनेच्या ताटातला दिवा तिच्या फुंकरीनंच दोनदा विझला. सगळ्यात मागं गल्लीतली दोन कुत्री, पोळीवर नजर ठेवून. एका कुत्र्यानं वेशीजवळ उडी मारून पोळीचा अर्धा घास घेतलाच. आक्का म्हणाल्या, "असू द्या, भैरोबाचा वाटा."

पारावर बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. एकानं विचारलं, "हे काय नवीन काढलं, बाई?"

आक्का थांबल्यासुद्धा नाहीत. "नवीन? आमच्यात पहिल्यापासनं असंच असतंय. ओंडक्याचं देवक म्हणत्यात ह्याला. तुम्हाला ठाव नसंल."

इतक्या ठामपणे म्हणाल्या की मलासुद्धा क्षणभर वाटलं, असेल बाई, मी सासरी नंतर आले.

डहाळी तोडायची वेळ आली तेव्हा पुन्हा पंचाईत. कुऱ्हाड झाडाकडं जाईना. मग झाडाची खालची फांदी चौघांनी धरून वाकवली, पार कुऱ्हाडीपर्यंत आणली. घाव तिरका बसल्यानं पात्याच्या टोकाची जेवढी धार बाहेर राहिली होती तिच्यावर जावयांनी ती घासली, घासली, घासली, आणि डहाळी एकदाची तुटली. फांदी सोडली तशी ती वर उसळली आणि ह्यांचं मुंडासं घेऊन गेली. ते तिथंच लटकत राहिलं. हलगीवाल्यानं आपोआप ठेका बदलला.

देवक बसलं. हळद लागली. नात माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता मध्येच हसली, कारण देवापुढं डहाळीच्या शेजारी तो ओंडकाही बसलेला होता. देवकाच्या वस्तू लग्न होईपर्यंत हलवायच्या नसतात ना. आल्या-गेल्या पाव्हण्यांनी त्याला नमस्कार केला. एका बाईनं तर ओटी भरली. आक्कानं जाताना मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "पुढच्या वेळी नेम मोडायचा असंल तर मला आधी फोन कर."

पंधरा-वीस दिवसांनी भाऊकीतला एक जण दारात आला. चप्पल काढून, हात जोडून. त्याच्या पोरीचं लग्न होतं.

"काकू, तेवढा ओंडका मिळंल का दोन दिवस? आमच्याकडं देवक हाय. पारावरच्या लोकायनी सांगितलं, जुनी रीत हाय, आपण इसरलो होतो म्हणून."

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. ह्यांनी मात्र अगदी गंभीरपणे त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या मागनं आत आले. चाचांना परत बोलवायचं राहूनच गेलं होतं, ओंडका अजून देवापुढंच होता; तोवर लाकूड अजून वाळलं होतं, गाठी ढिल्या झाल्या होत्या. त्या सकाळीच मी झाडताना हात लावला तर कुऱ्हाड सहज हलली होती. म्हटलं, "अहो, ती निघतीय आता. नुसती कुऱ्हाडच द्या त्यायला."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग कोपऱ्यातनं घण उचलला, ओंडक्यापाशी गेले, आणि दोन घाव घालून कुऱ्हाड परत आत बसवली.

"दुसऱ्याच्या देवकाला द्यायचा," म्हणाले, "तर बराबर द्यावा."